पाचशे रुपयांचा खटला

जळगावहून धुळ्याला निघालं की शहराबाहेर बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची. मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे आणि धुळे. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत जळगाव, धरणगाव, एरंडोल, पारोळा आणि धुळे अशा पाच तालुक्यांची हद्द लागते आणि मध्येच जिल्हाही बदलतो. गाडीत बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही. कापूस, केळीचे ट्रक आणि ढाबे तेवढे मागे पडत राहतात. पण याच रस्त्यावर कुठे वेगमर्यादा मोडली, तर ती जागा नेमकी कोणाच्या हद्दीत पडते यावरून खटला कोणत्या न्यायालयापुढे जाणार ते ठरतं. गुन्हा जिथे घडला तिथल्या न्यायालयाने तो चालवायचा, हा आपल्या फौजदारी कायद्याचा मूळ नियम. म्हणजे या रस्त्याचा प्रत्येक मीटर कुठल्या ना कुठल्या दंडाधिकाऱ्याच्या अखत्यारीत येतो. हे ध्यानात आल्यापासून मला हा रस्ता वेगळाच दिसू लागला.

मोबाइलवर येणारा पाचशे-हजाराच्या दंडाचा मेसेज आपण वैतागून पाहतो. ‘काय भाऊ, चलान आलंय, भरू का राहू देऊ?’ हा प्रश्न पानटपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत कुठेही ऐकू येतो. पण त्या मेसेजच्या मागे भौतिकशास्त्र आहे, देशभराची नोंदवही आहे आणि शंभराहून जास्त वर्षांचा कायदा आहे. सामान्य माणसासाठी त्यात राखून ठेवलेले हक्कही आहेत, आणि ते फार थोड्यांना माहीत असतात.

आधी वेग कसा मोजतात ते पाहू. महामार्गाच्या कडेला पोलिसांची इंटरसेप्टर गाडी उभी असते, तिच्यात लेसर स्पीड गन असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची स्पंदनं सुटतात, समोरच्या गाडीवर आपटून परत येतात. गाडी दीडशे मीटरवर आहे असं धरू. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा दीडशे मीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. हा काळ यंत्र मोजतं. गाडी ताशी ९० किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला २५ मीटर पुढे सरकते. सेकंदाच्या पाचव्या भागात ५ मीटर. तेवढ्याने प्रकाशाच्या जाण्यायेण्याचा काळ सेकंदाच्या तीन कोटीव्या भागाने घटतो. पारोळ्याच्या अलीकडे झाडाखाली उभा असलेला पोलीस शिपाई हातातल्या यंत्राने सेकंदाचा तीन कोटीवा भाग पकडतो आणि त्यावरून तुमचा वेग सांगतो! चालकाने यंत्र पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत मोजणी संपलेलीसुद्धा असते.

वेगाबद्दल दंड झालेला जगातला पहिला मोटारचालक म्हणून वॉल्टर अर्नोल्ड या इंग्रज गृहस्थाचं नाव सांगतात. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातल्या पॅडॉक वूड गावातून ताशी आठ मैलांच्या वेगाने तो गेला. गावात मर्यादा होती दोन मैलांची. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठलं आणि एक शिलिंग दंड झाला. पुढे मॉरिस गॅट्सोनिडिस या डच शर्यतपटूने वळणावर आपला स्वतःचा वेग किती राहतो हे तपासायला एक यंत्र बनवलं, आणि त्यातूनच रस्त्यावरचे वेग टिपणारे कॅमेरे आले. जास्त वेगाने धावता यावं म्हणून शोधलेलं साधन आज जगभर वेग आवरायला वापरलं जातं.

चौकातल्या कॅमेऱ्याचं काम निराळं. तो अख्ख्या चित्रातून आधी नंबरप्लेटचा आयत शोधतो. मग तिरपी आलेली प्लेट सरळ करतो, अक्षरं सुटी करतो आणि एकेक ओळखतो. नंबरप्लेट प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागाची हवी, अक्षरं रोमन आणि आकडे आंतरराष्ट्रीय हवेत, त्यांची उंची-जाडी ठरलेली हवी, या सगळ्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत. यंत्राला वाचता येण्यासाठी त्या आता फार उपयोगी पडतात. जळगावचा एमएच १९, धुळ्याचा एमएच १८, नंदुरबारचा एमएच ३९. पुढची अक्षरं-आकडे हाती आले की ‘वाहन’ या देशव्यापी नोंदवहीतून मालकाचं नाव, गाडीचा प्रकार, विमा आणि पीयूसीची मुदत क्षणात समोर येते.

इथे एक बारकावा आहे. रोमन बी आणि इंग्रजी आठ, डी आणि शून्य, आय आणि एक ही जोडपी धुळीने माखलेल्या प्लेटवर यंत्रालाच काय, माणसालाही चकवतात. खानदेशातल्या उन्हाळी धुळीची ज्याला सवय आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून चलान आलं की रकमेआधी फोटो पाहायचा. फोटोतली गाडी तुमचीच आहे का? रंग, मॉडेल, आरशाला बांधलेला रुमाल, मागच्या काचेवरचं देवाचं नाव? तारखेला आणि वेळेला गाडी तिथे होती का? तुमची स्कूटर असेल आणि फोटोत मालवाहू रिक्षा दिसत असेल, तर तुमच्या अर्जाची अर्धी बाजू त्या फोटोनेच मांडलेली आहे.

हे कॅमेरे कुठे हवेत, यालाही नियम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घातला. दहा लाखांहून जास्त वस्तीची शहरं आणि त्यांच्या जोडीला यादीतली १३२ शहरं, इथल्या महत्त्वाच्या चौकांत इलेक्ट्रॉनिक देखरेख असावी असं तो सांगतो. यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत आणि त्यांत जळगाव आहे. जळगाव दहा लाखांचं शहर नाही, मग ते तिथे कसं? ही यादी हवेच्या प्रदूषणासाठी निवडलेल्या शहरांशी जुळणारी आहे आणि जळगाव त्या शहरांपैकी एक. हवा खराब म्हणून कॅमेऱ्यांच्या यादीत जागा मिळाली! धुळे या यादीत नाही. पण मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरचा असे तीन मोठे महामार्ग धुळ्याला येऊन मिळतात, आणि जास्त धोक्याचे महामार्गही त्याच नियमात येतात.

हा नियम पोलिसांच्या हातात यंत्र देतो, तसा नागरिकाच्या हातात प्रश्नही देतो. यंत्राला मान्यताप्राप्त अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करून घेतलेलं हवं. कॅमेरा आहे, हे सांगणारा फलक रस्त्यावर आधीच लावलेला हवा. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा आणि कायद्याचं कलम हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं. शिवाय प्रकरण निकाली निघेपर्यंत तो पुरावा सरकारने जपून ठेवायचा. २०२५ च्या जुलैत राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयानेही सांगितलं की कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान टाकू नये. चौकात ‘साहेब, पावती नका फाडू’ म्हणून अजिजी करणाऱ्या आपल्या समाजाला हे सगळं मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता मेसेज खरा की खोटा? ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खातं रिकामं करणारे चोर सध्या मोकाट आहेत. सरकार चलान एपीके फाइलने पाठवत नाही. कुठल्याही लिंकवर बोट न ठेवता आपण होऊन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर जायचं. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे पाहायचं. गाडीचा नंबर आणि चेसीस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की सगळी जुनी-नवी चलानं फोटोसह दिसतात. ‘महाट्रॅफिक’ अ‍ॅपवरही तेच. परिवहन खात्याची आणि परराज्यातली चलानं केंद्राच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर पाहायची. शिरपूरवरून सेंधव्याकडे किंवा नवापूरवरून सुरतेकडे ज्यांच्या नेहमी खेपा असतात, त्यांनी दोन्हीकडे पाहिलेलं बरं. चलान चुकीचं वाटलं तर तिथेच तक्रार नोंदवायची सोय आहे. मुदतीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून चलानावर छापलेली तारीख प्रमाण मानायची.

आता कायद्याच्या पोटात शिरू, कारण खरी गंमत तिथे आहे. चलान म्हणजे शिक्षा नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे काही ठरावीक गुन्ह्यांत सरकार वाहनधारकाला सांगतं की एवढी रक्कम भर, आपण प्रकरण न्यायालयात नेत नाही. या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात. ती राज्य ठरवतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दर महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. हेल्मेट नसणं, सीट बेल्ट न लावणं, गाडी चालवताना मोबाइल हातात घेणं, विमा नसणं या गोष्टी तडजोडीत बसतात. दारू पिऊन गाडी चालवणं बसत नाही. ते थेट दंडाधिकाऱ्यांपुढे.

पैसे भरले की प्रकरण मिटतं. मात्र २०१९ पासून कलम २०० मध्ये एक बारीक तरतूद आली आहे. तडजोड केली तरी तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो, आणि पुढच्या वेळचा दंड बऱ्याच कलमांत जास्त असतो. तेव्हा आपण न केलेल्या गुन्ह्याचे पाचशे रुपये ‘कशाला झंझट’ म्हणून भरणाऱ्याच्या नावावर एक न केलेला गुन्हा कायम राहतो. हेल्मेटच्या कलमात, १९४ड मध्ये, कायद्याने १,००० रुपये दंडाला तीन महिने लायसन्स अपात्र होण्याची जोड दिली आहे. रक्कम लहान दिसली म्हणून कलम लहान असतं असं नाही.

तडजोड नाकारली किंवा पैसे भरले नाहीत, तर पोलीस प्रकरण न्यायालयात पाठवू शकतात. त्यापुढचं कलम २०८ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याच्या समन्सवरच न्यायालयाने लिहायचं असतं की तुम्ही स्वतः या, वकील पाठवा, किंवा ठरलेल्या तारखेआधी मनिऑर्डरने रक्कम पाठवा आणि गुन्हा कबूल असल्याचं मनिऑर्डरच्या कुपनावरच लिहा. भारतात मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतला मुलगा आईला त्या कुपनावर खुशाली लिहायचा, आणि त्याच चिटुकल्या जागेत फौजदारी गुन्ह्याची कबुली देण्याची सोय संसदेने कायद्यात लिहून ठेवली! रक्कम कमाल दंडाहून जास्त मागता येत नाही. तशी ती पोचली की पुढची कारवाई थांबते आणि या कबुलीपायी लायसन्सही जात नाही. पाचशे रुपयांसाठी शेतकऱ्याची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं बुडू नये, इतका विचार कोणीतरी केला होता.

तोच विचार पुढे आभासी न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी नागपूरला ‘न्याय कौशल’ केंद्राचं उद्घाटन केलं, त्याच वेळी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला वाहतूक प्रकरणांसाठी राज्यातलं पहिलं आभासी न्यायालय सुरू झालं. अशा न्यायालयात कोणी उभं राहत नाही. न्यायाधीश पडद्यावर चलान पाहतात, दंड ठरवतात, मेसेज जातो. तुम्ही गाडीच्या नंबरवरून प्रकरण शोधायचं आणि दोनपैकी एक निवडायचं: दंड भरा, किंवा गुन्हा मान्य नाही असं सांगा. मान्य नाही म्हटलं की प्रकरण तिथून उठतं आणि जिथे घटना घडली तिथल्या खऱ्याखुऱ्या न्यायालयात येतं.

आता नोंदी कशा शोधायच्या ते. शेताला गट नंबर, तसा देशातल्या प्रत्येक खटल्याला सीएनआर नावाचा सोळा चिन्हांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची. मग दोन आकडे न्यायालयाचे, सहा आकडे खटल्याचे आणि शेवटचे चार वर्षाचे. चोपड्याचा असो की साक्रीचा, एका क्रमांकाचा दुसरा खटला भारतात नाही. हा क्रमांक हाती असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तो घालायचा, बस्स.

क्रमांक नसेल तर मात्र पहिला प्रश्न जागेचा. घटना कुठे घडली? नशिराबादजवळ असेल तर जळगाव जिल्हा, फागण्याजवळ असेल तर धुळे. जिल्हा निवडायचा, मग न्यायालयाचं संकुल, मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष. नावाची स्पेलिंगं इथे फार छळतात. पाटील, चौधरी, महाजन, कोळी ही आडनावं आपल्याकडे इतकी, की वर्ष आणि वडिलांचं नाव जोडल्याशिवाय हाती काही लागत नाही. कायद्याच्या नावावरूनही शोधता येतं. ‘मोटार व्हेइकल्स अ‍ॅक्ट’ निवडायचा आणि कलम घालायचं. खटल्याच्या प्रकारात ‘एस.सी.सी.’ ही अक्षरं दिसली की ओळखायचं, हा संक्षिप्त फौजदारी खटला. वाहतुकीची साधी प्रकरणं बहुतेक याच दप्तरात असतात. हे सगळं फुकट आहे, आणि संगणकाची सवय नसलेल्यांसाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रं आहेत.

नोंद सापडली की रोजनामा वाचायला बसावं. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झालं याची ती तारीखवार नोंद. ‘आरोपी गैरहजर’, ‘समन्स काढावे’, ‘समन्स बजावणी न होता परत’, ‘आरोपी हजर, गुन्हा कबूल’. एकेक ओळ तीन-चार शब्दांची. पण त्या ओळी ओळीने वाचल्या की कळतं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं होतं, ते परत आलं होतं, आणि ज्याच्या नावावर खटला आहे त्याला वर्षभर याचा पत्ताच नव्हता. वॉरंट निघण्याआधी हा रोजनामा पाहिला तर वकील गाठून हजर होता येतं. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा.

धुळ्याच्या माणसाला कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधी अख्ख्या खानदेशाचं मुख्य ठाणं धुळंच होतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, रुमालात बांधलेली दप्तरं सोडवून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा केली. ते १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. एका साध्या हुकमाच्या कागदावरून एखाद्या गावाचा, वतनाचा, तंट्याचा इतिहास उलगडतो हे राजवाड्यांनी दाखवून दिलं. आजचे रोजनामे हेही तसेच कागद आहेत, आणि ते घरबसल्या उघडता येतात.

आता काळाचा प्रश्न. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायला हवी, ही मर्यादा आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही आहे. वर्षभरापर्यंत कैदेची शिक्षा असेल तर मुदत एक वर्षाची. उशिराचं पटणारं कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकतं. तेव्हा तीन-चार वर्षांपूर्वीचं चलान अचानक समोर आलं तर ते न्यायालयात कधी दाखल झालं, हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे. मात्र मुदत संपेल म्हणून गप्प बसण्याचा सल्ला मी देणार नाही. न भरलेलं चलान नोंदीवर दिसत राहतं आणि गाडी विकताना, नावावर करताना नेमकं आडवं येतं.

गाडी विकण्यावरून आठवलं. जुनी मोटारसायकल विकली, पैसे घेतले, चावी दिली, आणि नाव बदलायचं राहून गेलं. आपल्याकडे घरटी एक तरी अशी गोष्ट असते. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. ते झालं नाही तर आरटीओच्या वहीत मालक तुम्हीच. चलान तुम्हाला येईल, आणि अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच मालक धरलं आहे. गाडी घरातल्याच दुसऱ्या कोणी चालवली असेल, तर चालक कोण होता हे सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. सोळा वर्षांच्या मुलाला हौसेने गाडी देणाऱ्या आई-वडिलांसाठी तर कलम १९९अ फार कडक आहे: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी अनेकांना मेसेज येतात की तुमचं प्रलंबित चलान दाखलपूर्व प्रकरण म्हणून ठेवलं आहे. वर्षातून साधारण चार वेळा ती भरते. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सवलत मिळेलच असं धरून जाऊ नये. पण एका दिवसात प्रकरण कायमचं मिटतं, हे खरं. वकील परवडत नसेल तर जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आणि खटला लढवलाच तर? दंडाधिकारी विचारतात, गुन्हा कबूल आहे का. नाही म्हटलं की सिद्ध करण्याचा भार सरकारवर. पोलिसाची साक्ष होते, तिची उलटतपासणी घेता येते, यंत्राचं प्रमाणपत्र मागता येतं. खुनाच्या खटल्यात आरोपीला निर्दोष धरून सुरुवात होते, तशीच पाचशे रुपयांच्या खटल्यातही होते. हरलात तर दंड तडजोडीच्या रकमेहून जास्त, कायद्यातल्या कमाल मर्यादेपर्यंत जाऊ शकतो आणि तारखांना जाणारा वेळ परत मिळत नाही. हाही हिशोब आधी करायचा. चूक आपलीच असेल तर मी म्हणेन, पैसे भरावेत आणि हेल्मेट घ्यावं.

कारण ही कलमं हवेत लिहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला. धुळ्याकडून माल भरून तो रावेरकडे निघाला होता आणि त्याच मालावर मजूर बसले होते. रावेर तालुक्यातले १५ मजूर त्यात दगावले. मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत हा नियम आपण रोज डोळ्यांआड करतो. चौकात ट्रक अडवणाऱ्या शिपायाकडे पाहताना मला ते किनगाव आठवतं. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना ठोकरत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, किमान दहा जीव गेले. अशा गाड्यांची तपासणी व्हावी, म्हणून तर रस्त्यावर हा सगळा फौजफाटा.

म्हणून खानदेशातल्या प्रत्येक गाडीवाल्याला एक विनंती. गाडी घेताना शोरूममध्ये घाईत कोणाचा मोबाइल नंबर टाकला होता, ते तपासा. तो तुमचा नसेल तर तुमचं चलान, तुमचं समन्स आणि लोकअदालतीचा निरोप दुसऱ्याच कोणाला जात असेल. ‘परिवहन’ संकेतस्थळावर किंवा आरटीओत जाऊन नंबर बदलून घ्या, पत्ता बदलला असेल तर तोही. मग आरसी बुक हातात घेऊन चेसीसचे शेवटचे चार आकडे घाला आणि आपल्या नावावर काय काय आहे ते आजच बघा.